जुन्या पद्मिनीचा रंग उतरवताना : कमी खर्चात गाडी प्रायमरपर्यंत आणण्याची रीत

जुन्या गाडीच्या रंगकामाचा अंदाज गॅरेजमधून मागवला की त्यात रंगाच्या डब्यांची किंमत तुलनेने थोडी आणि मजुरीची रक्कम मोठी निघते. त्या मजुरीतला बराच वाटा जुना रंग, जुनी लांबी (पत्र्यातले खड्डे बुजवायचा लेप) आणि गंज काढण्याचा असतो. या कामाला कौशल्यापेक्षा चिकाटी अधिक लागते. त्यामुळे ज्याच्याकडे पैसे थोडे पण सुट्टीचे दिवस आहेत, त्याने गाडी प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरापर्यंत, स्वतः आणावी आणि शेवटचा रंग तेवढा जाणत्या पेंटरकडून मारून घ्यावा, हे खर्च वाचवण्याच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचे. मात्र नवशिके सर्वांत जास्त नुकसानही याच टप्प्यावर करून घेतात. उत्साहाच्या भरात दोन रविवारांत आख्खी गाडी पत्र्यापर्यंत उघडी केली जाते, मग घरी पाहुणे येतात, पगार लांबतो, अवकाळी पाऊस येतो, आणि महिन्याभराने अंगणात एक तांबूस सांगाडा उभा असतो. म्हणून पुढची सगळी रीत एकच पथ्य धरून सांगितली आहे : सकाळी जेवढा पत्रा उघडा कराल तेवढाच संध्याकाळच्या आत प्रायमरखाली गेला पाहिजे.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेतली आहे, कारण हे काम मी तिच्यावरच शिकलो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचलेली ही गाडी मुंबईच्या टॅक्सीतून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली, तरी खासगी मालकांकडे ती अजून बरीच आहे. अशा गाडीवर एका रंगाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा असे थर हमखास सापडतात. माझ्या गाडीचा क्रीम रंग खरवडल्यावर खालून आधी निळा निघाला, आणि छतावर त्याच्याही खाली पिवळा लागला. विकणाऱ्याने गाडी पूर्वी टॅक्सी होती हे सांगितले नव्हते, ते पॉलिश पेपरने सांगितले. अँबॅसेडर किंवा मारुती ८०० असली तरी रीत हीच राहते. फक्त मारुतीचा पत्रा पातळ असल्यामुळे तिथे यंत्राचा हात अधिक हलका ठेवावा लागतो.

सगळा रंग काढायचाच का, हे आधी ठरवा

संपूर्ण गाडी पत्र्यापर्यंत उघडी केली म्हणजेच काम चांगले होते, ही समजूत चुकीची आहे. कारखान्यात लागलेला मूळ थर जिथे पत्र्याला घट्ट धरून बसला आहे, तिथे त्याच्याइतकी पक्की पकड घरी मारलेल्या प्रायमरला मिळणे अवघड असते. असा थर काढायला वेळ खर्च करायचा आणि त्याच्या जागी कमी प्रतीचा थर बसवायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे. पत्रा फक्त तिथेच उघडा करावा, जिथे रंगाला फोड आले आहेत, पोपडे सुटले आहेत, भेगा खोलवर गेल्या आहेत, खाली जाड लांबी आहे किंवा थर इतके झाले आहेत की दाराच्या कडा गोल दिसू लागल्या आहेत.

हे ओळखण्यासाठी चार सोप्या चाचण्या पुरतात. पहिली चुंबकाची : फ्रिजवर लावायचा छोटा चुंबक मऊ कापडात गुंडाळून सगळ्या पत्र्यावरून फिरवावा. जिथे त्याची ओढ एकदम कमी होते तिथे खाली लांबी भरलेली आहे. दुसरी कानाची : बोटाच्या पेराने टकटक केल्यावर मोकळा पत्रा वाजतो आणि लांबी भरलेला भाग बद्द आवाज देतो. तिसरी पकडीची : धारदार ब्लेडने रंगावर दोन-दोन मिलिमीटरच्या अंतराने आडव्या-उभ्या चिरा पाडून त्यावर चांगली चिकटपट्टी दाबावी आणि झटक्याने ओढावी. चौकोनी कपचे पट्टीबरोबर उचलले गेले, तर त्या रंगावर नवा रंग टिकणार नाही.

चौथी चाचणी थिनरची आहे आणि तीच बहुतेक जण वगळतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेला कापूस रंगावर अर्धा मिनिट दाबून धरावा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो लॅकर जातीचा आहे. रंगाला सुरकुत्या पडल्या तर बहुधा हवेवर वाळलेले सिंथेटिक इनॅमल आहे. काहीच झाले नाही तर तो भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) घालून मारलेला रंग आहे. पहिल्या दोन प्रकारांवर आजचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग थेट मारला तर त्यातला थिनर खालचा थर उचलतो आणि नवी कोरी बॉनेट वाळलेल्या बोरासारखी सुरकुतते. अशा जागी जुना रंग काढणे हाच खात्रीचा उपाय. तिसऱ्या प्रकाराचा रंग पक्का धरलेला असेल तर तो नुसता घासून खरखरीत करणे पुरे.

चाचण्या करता करता खडूने गाडीवरच खुणा कराव्यात : जिथे फक्त घासायचे तिथे एक रेघ, जिथे वरचे थर कमी करायचे तिथे दोन, आणि जिथे पत्रा उघडा करायचा तिथे फुली. फुल्या मोजल्यावर काम वाटले होते त्यापेक्षा बरेच लहान निघते, असा माझा अनुभव आहे.

ऋतू आणि जागा

उघड्या पत्र्याचा शत्रू हवेतला ओलावा आहे. रंगकामाचा सर्वसाधारण नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचे दव होते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारे दव पत्र्यावर बसते आणि त्यावरच प्रायमर लागतो. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत याचा अर्थ दिवाळीनंतरचे ते होळीपर्यंतचे महिने, आणि त्यातही सकाळचे दव उडाल्यापासून चार-साडेचार वाजेपर्यंतचा वेळ. हे मोजायची यंत्रे नसली तरी चालते. पत्र्याचा हातभर भाग ओल्या फडक्याने पुसावा. तो पाव तासात एकसारखा वाळला तर काम करायला हरकत नाही, ओल रेंगाळली तर त्या दिवशी फक्त सुटे भाग साफ करावेत. विदर्भ-मराठवाड्यात ओलाव्याचा त्रास कमी, पण तिथे उन्हाची अडचण असते. तिचा विषय पुढे येईल.

जागा सावलीची पण चारही बाजूंनी मोकळी हवी. शटरची बंद गॅरेज या कामाला सर्वांत वाईट. सोसायटीच्या पार्किंगमध्येही हे काम करू नये, कारण रंगाची धूळ शेजाऱ्यांच्या गाड्यांवर बसते आणि वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त किमतीचे संबंध बिघडतात. ज्या अंगणात लहान मुले खेळतात किंवा धान्य वाळत घालतात तिथेही नको, याचे कारण शिसे आहे. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल गाडीरंगांत शिशाची संयुगे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले, म्हणजे आपल्या गाडीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. तेव्हा खाली जाड प्लास्टिक अंथरावे, धूळ झाडूने कोरडी न झाडता ओल्या फडक्याने टिपावी, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

सोडवणे आणि खुणा करणे

बॅटरीची तार आधी सोडावी. बंपर, दिवे, मोनोग्राम, क्रोमच्या पट्ट्या, दारांच्या मुठी, आरसे, वायपर आणि काचांभोवतीची रबरे काढावीत. पद्मिनीच्या क्रोमच्या पट्ट्या आणि त्यांच्या क्लिपा आता सहज मिळत नाहीत, म्हणून त्या ओढून न काढता आतून क्लिप दाबून सोडवाव्यात. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहावे आणि सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. चार महिन्यांनी स्मरणशक्ती दगा देते. काचा काढायचे धाडस नसेल तर रबराच्या ओठाखाली जाड सुतळी सरकवून तो उचलून धरता येतो, म्हणजे रंग रबराखालपर्यंत पोहोचतो.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. दारांखालचा पत्रा आणि फ्लोअर गंजलेले असताना चारही दारे एकदम काढली तर बॉडी किंचित दबू शकते आणि मग दारे पुन्हा बसवताना फटी जुळत नाहीत. म्हणून दारे एकेक करून काढावीत, किंवा जागेवरच ठेवून काम करावे. काढलीच तर बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवावी.

कागदपत्रांशी संबंधित दोन गोष्टी याच वेळी पाहून घ्याव्यात. पहिली, चेसिस क्रमांक. तो गाडीच्या पत्र्यावर कुठे ठोकला आहे हे आरसीशी ताडून शोधावे आणि त्यावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या तपासणीत हा क्रमांक वाचता यावा लागतो. ग्राइंडरने तो पुसला गेला किंवा लांबीखाली बुजला, तर केवळ रंगकामापायी गाडी कायद्याच्या कचाट्यात सापडते. दुसरी, रंग. आरसीवर नोंदलेला रंग बदलायचा असेल तर त्याची नोंद आरटीओकडे करून घ्यावी लागते, तेव्हा निर्णय रंग विकत घेण्यापूर्वी व्हावा.

घासण्यापूर्वी धुणे

वर्षानुवर्षे लावलेले पॉलिश, मेण आणि इंजिनची ओघळ रंगावर असताना पॉलिश पेपर फिरवला, तर ती चिकटी निघून न जाता ओरखड्यांत कोंबली जाते आणि पुढे प्रायमरला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने गाडी नीट धुवावी, वाळवावी, आणि मग मिनरल टर्पेंटाइन किंवा रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावी. पुसताना दोन फडकी वापरावीत. एका ओल्या फडक्याने चिकटी सैल करायची आणि द्रावण उडून जाण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने ती उचलायची. एकाच फडक्याने पुसणे म्हणजे चिकटी एका दारावरून दुसऱ्या दारावर नेणे. रॉकेल किंवा डिझेल वापरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण दोन्ही तेलकट पापुद्रा मागे ठेवतात. गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून जळके ऑइल मारलेले असेल, तर ते सांध्यांतून वर झिरपलेले असते. तिथे हे पुसणे तीन-चार वेळा करावे लागेल.

रंग काढण्याच्या वाटा

हाताने घासणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित वाट आहे. लाकडी किंवा रबरी गुटक्यावर ८० नंबरचा पेपर (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) गुंडाळून लांब, तिरपे हात मारावेत. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या रुंदीचे चर पडतात आणि ते चकाकत्या रंगात दिसतात. वरचे थर वॉटर पेपरने पाणी मारून घासले तर धूळ उडत नाही, आणि शिशाचा संशय असलेल्या गाडीवर असेच करावे. पत्रा दिसू लागल्यावर मात्र पाणी थांबवावे, जागा लगेच कोरडी करावी आणि उरलेले काम मास्क लावून कोरडेच पुरे करावे. मडगार्डच्या गोलाईवर, दाराच्या कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर यंत्र लावू नये. तिथे हातच हवा, कारण उंच कडेवर यंत्र क्षणात रंगाबरोबर पत्राही खाते.

यंत्रांमध्ये नवशिक्याने ऑर्बिटल सँडर घ्यावा, भाड्याने मिळाला तर उत्तम. त्याची चकती फिरते आणि थरथरतेही, त्यामुळे एका जागी चर पडत नाही आणि उष्णता कमी निर्माण होते. आपल्याकडे हाताशी असतो तो चार इंची अँगल ग्राइंडर, आणि त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. तो मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने पत्र्याला भिडत असते. त्यावर लोखंड घासायची दगडी चकती लावणे म्हणजे पत्रा कापणे होय. फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती, हीसुद्धा पत्रा पातळ करते आणि एका जागी थांबली तर तो तापवून निळा करते. तापलेला सपाट पत्रा फुगतो आणि थंड झाल्यावर डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होऊ लागतो. मग डेंटरला, म्हणजे पत्रा सरळ करणाऱ्या कारागिराला, जी मजुरी द्यावी लागते तीत वाचवलेले सगळे जाते. ग्राइंडर वापरायचाच असेल तर जाळीदार, स्पंजासारखी दिसणारी रंग काढण्याची चकती घ्यावी, जी रंग उचलते पण लोखंडाला फारशी लागत नाही. चकतीवर छापलेली वेगमर्यादा ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, हे पाहावे. तारेचा कप ब्रश सांध्यांत आणि गंजलेल्या कोपऱ्यांत उपयोगी पडतो, पण त्याच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात; त्यामुळे नुसता चष्मा न घालता चेहरा झाकणारी ढाल लावावी. ग्राइंडरचे गार्ड काढू नये, सैल बाह्या आणि ओढणी दूर ठेवाव्यात, आणि ठिणग्या उडवताना पेट्रोलची टाकी व थिनरचा डबा जवळ नको.

तिसरी वाट पेंट रिमूव्हरची. बॉनेट, डिकीचे झाकण, छत अशा मोठ्या सपाट जागांवर त्याच्यासारखे वेगवान काही नाही, आणि पत्र्याला उष्णता वा ओरखडे लागत नाहीत हा त्याचा मोठा गुण. पण जुन्या जातीच्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. याच द्रव्याला डायक्लोरोमिथेन असेही म्हणतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खोलगट जागेत साठते, शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि बंद जागेत काम करताना माणसे दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली. डब्यावर हे नाव असेल तर तो फक्त उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून वापरावा, आणि गाडीच्या आत, फ्लोअरवर किंवा डिकीत वाकून तर कधीच नाही. साध्या मास्कने ही वाफ अडत नाही, आणि डॉक्टरी हातमोज्यांतून ती काही मिनिटांत आरपार जाते. म्हणून रसायनांसाठीचे जाड, लांब हातमोजे आणि पूर्ण बंद चष्मा हवाच. थोडे महाग पडले तरी मिथिलीन क्लोराइड नसलेला रिमूव्हर मिळत असेल तर नवशिक्याने तोच घ्यावा. तो सावकाश काम करतो, एवढाच त्याचा दोष.

वापरण्याची पद्धत अशी. ज्या भागाला रिमूव्हर लावायचा त्याच्या कडा, सांधे आणि शेजारचा पत्रा जाड टेपने व प्लास्टिकने झाकावा. कडेपासून बोटभर जागा मुद्दाम सोडावी, ती नंतर हाताने घासायची. रंगाच्या वरच्या पृष्ठभागावर ८० नंबरच्या पेपरने ओरखडे पाडावेत म्हणजे रसायन आत शिरते. मग जुन्या ब्रशने जाडसर थर एकाच दिशेने थापावा आणि पुन्हा त्यावर ब्रश फिरवू नये. पुन्हा फिरवल्याने वर धरलेली साय मोडते आणि वाफ निसटते. उन्हाची अडचण इथे येते : मिथिलीन क्लोराइड सुमारे ४० अंशांना उकळते, म्हणजे नागपूर-चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये ते रंगाला भिडण्याआधीच उडून जाते. म्हणून काम सकाळच्या सावलीत करावे आणि थर लावल्याबरोबर त्यावर पातळ प्लास्टिक पसरावे. पंधरा-वीस मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडून तो फुगतो. तो प्लास्टिकच्या किंवा कोपरे कानशीने गोल केलेल्या लोखंडी पट्टीने, ती तिरपी धरून, उचलावा. तीक्ष्ण कोपऱ्याची पट्टी पत्र्यावर जे चर पाडते ते बुजवायला पुन्हा लांबी लागते. चार-पाच थर असतील तर दुसरा, कधी तिसरा हातही लागेल. शेवटी डब्यावर सांगितल्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने पत्रा दोनदा पुसून रसायनाचा अंश काढावा. सांध्यात राहिलेला थेंब सहा महिन्यांनी नव्या रंगाला फोड आणतो आणि त्या वेळी दोष बिचाऱ्या पेंटरच्या माथी जातो.

उचललेला लगदा गटारात किंवा नाल्यात टाकू नये. तो वर्तमानपत्रावर उघड्यावर वाळू द्यावा, जाड पिशवीत बांधावा आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांसह घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.

उरलेल्या वाटा थोडक्यात. वाळूचा मारा चाकांच्या रिमसाठी आणि जाड लोखंडी भागांसाठी उत्तम, पण बॉनेट किंवा दाराच्या सपाट पत्र्यावर केला तर पत्रा ताणला जाऊन लाटा पडतात. शिवाय वाळू दाराच्या पोकळीत जाऊन बसते आणि ओल धरते. रस्त्याकडेच्या काही गॅरेजमध्ये बत्तीच्या ज्योतीने रंग जाळतात. त्याने पत्रा वाकतो आणि शिशाचा धूर थेट छातीत जातो, त्यामुळे ती वाट पूर्ण वर्ज्य समजावी.

सुरुवात कुठून करावी? डिकीच्या झाकणापासून. ते सहज सुटते, आडवे ठेवून काम करता येते, आणि पहिल्या दिवशीच्या चुका बॉनेटइतक्या डोळ्यांत भरत नाहीत.

गंज

रंग निघाल्यावर गंजाचे खरे रूप कळते. पद्मिनीत तो दारांच्या तळाशी, दारांखालच्या पेटीसारख्या पत्र्यात, चाकांच्या कमानींच्या आत, बॅटरीच्या ट्रेखाली, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत आणि पायाखालच्या फ्लोअरमध्ये शोधावा. दारांच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोके असतात. ती जुन्या लांबीने किंवा चिखलाने बुजलेली असतील तर गंजाचे मूळ तिथेच सापडते, आणि ती मोकळी केल्याशिवाय वरचा रंग कितीही चांगला असला तरी टिकत नाही.

तांबूस पावडरीसारखा वरवरचा गंज ८० नंबरच्या पेपरने निघून जातो. काळे ठिपके पडलेला खोल गंज तारेच्या ब्रशने घासल्यावरही खड्ड्यांच्या तळाशी उरतो, आणि तिथे फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक लावावे. ते उरलेल्या गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. ते पत्र्यावर वाळू न देता सांगितलेल्या वेळेत पाण्याने धुवावे आणि पत्रा लगेच पूर्ण कोरडा करावा, कारण आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी प्रायमर त्यावर नीट धरत नाही. बाथरूम साफ करायचे ॲसिड स्वस्त म्हणून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातले क्लोराइड पत्र्याच्या छिद्रांत राहते आणि गंज पूर्वीपेक्षा जोमाने परततो, म्हणून ते गाडीपासून दूरच ठेवावे.

स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबल्यावर आत जाते तो पत्रा सडलेला आहे. तो फायबर किंवा लांबीने बुजवणे ही फसवणूक आहे, आणि बॉडीच सांगाडा असलेल्या गाडीत, विशेषतः फ्लोअर आणि दारांखालच्या पेटीत, ती जिवावर बेतू शकते. असा भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवणे हे डेंटरचे काम आहे, आणि कमी खर्चाच्या यादीतही त्यासाठी पैसे राखून ठेवावेत. आपण एवढेच करायचे की त्या जागेभोवतीचा रंग चार बोटे काढून द्यायचा, आतले कार्पेट आणि बैठकी बाहेर काढायच्या आणि वेल्डिंगच्या जागेजवळ पेट्रोलची टाकी वा नळी असेल तर ती आधी सोडवून घ्यायची.

कडा उतरवणे आणि झाकणे

जिथे उघडा पत्रा संपून जुना रंग सुरू होतो तिथे पायरी राहते, आणि ती बोटाला लागली तर रंगातही दिसणार. ८०, मग १२०, १८० आणि शेवटी ३२० नंबरचा पेपर बाहेरच्या दिशेने फिरवत गेल्यास एकेक थर निमुळता होऊन लाकडाच्या वलयांसारखी रंगांची वर्तुळे उमटतात. वलये जितकी रुंद तितका उतार सौम्य. डोळे मिटून तळहात फिरवावा, डोळ्यांपेक्षा हात जास्त खरे सांगतो.

उघडा पत्रा मात्र फार गुळगुळीत करू नये. ८० ते १८० नंबरचे ओरखडे असले म्हणजे प्रायमरला धरायला जागा मिळते. त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला स्पर्शही करू नये, कारण घामातल्या मिठाने उमटलेले बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबड्या रंगात उगवतात. धूळ फुंकून नव्हे तर कोरड्या फडक्याने टिपावी, पुन्हा दोन फडक्यांनी ग्रीस पुसावे, आणि त्याच दुपारी प्रायमर लावावा.

प्रायमर कोणता, इथे काटकसर करू नये. हार्डवेअरच्या दुकानातला खिडक्यांच्या गजांना लावायचा रेड ऑक्साइड सर्वांत स्वस्त पडतो, पण तो तेलयुक्त असतो, पाणी शोषतो, आणि वरून पीयू रंगाचा थिनर लागताच सुरकुततो. त्याऐवजी हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. तो पत्र्याला घट्ट धरतो आणि ओलावा अडवतो. मिश्रणाचे प्रमाण अंदाजाने न घेता खुणा असलेल्या मापात घ्यावे. डब्यावर सांगितले असेल तेवढा वेळ मिश्रण मुरू द्यावे आणि एका बैठकीत संपेल एवढेच कालवावे, कारण उरलेले डब्यातच दगड होते. फवारणीचे यंत्र नसेल तर चांगल्या ब्रशने किंवा बारीक फोमच्या रोलरने दोन हात मारले तरी चालतात. वरच्या रेघा पुढे घासून जातात. या वेळी सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज असलेला मास्क लावावा, धुळीचा एन९५ मास्क इथे कामाचा नाही.

खड्डे बुजवण्याची पॉलिएस्टर लांबी या प्रायमरवरच भरावी, उघड्या पत्र्यावर नको, कारण लांबी पाणी शोषते आणि खालच्या पत्र्याला ओल पोहोचवते. त्याच कारणाने ती पाणी मारून घासू नये. दुकानदाराला हे पटत नाही, तो म्हणेल की सगळे पत्र्यावरच भरतात. सगळ्यांच्या गाड्यांना दोन पावसाळ्यांत फोड का येतात हेही त्याला विचारावे.

इपॉक्सी प्रायमर उन्हात फार दिवस राहिला तर त्यावर खडूसारखी भुकटी धरते. म्हणून गाडी सावलीत ठेवावी आणि वरून सुती चादर टाकावी. प्लास्टिकचे कव्हर अंगाला चिकटून आत ओल धरते. पेंटरकडे नेताना एका कागदावर कोणत्या भागाला कोणत्या तारखेला कोणत्या कंपनीचा प्रायमर लावला, कुठे लांबी भरली आणि कुठे फक्त जुना रंग घासला, हे लिहून द्यावे. प्रायमरवर पुढचा थर मारण्याची डब्यावर दिलेली मुदत उलटून गेली असेल, तर त्याने ३२० नंबरच्या पेपरने सगळा पृष्ठभाग पुन्हा खरखरीत करून मगच पुढचा हात मारायचा आहे, आणि त्याची मजुरी आधीच ठरवून घ्यावी.